तीन चिठ्ठ्या आणि मनीचे बोंबील

"तुमच्या रक्तातल्या पेशी मोठ्या झाल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोठ्या, पण कच्च्या. याला मेगॅलोब्लास्टिक ॲनिमिया म्हणतात."

मी बाकावर बसले होते. समोरच्या भिंतीवर ओलीचा एक डाग होता, मी त्याच्याकडे बघत होते. मला काही वाटलं नाही. भीती नाही, रडू नाही. एवढंच मनात आलं की मोठ्या झाल्यात म्हणजे बरंच आहे की. भाताचा दाणा मोठा भरला तर वाईट कोण म्हणतं? पंचवीस वर्षांची होते, सातवी पास होते आणि अक्कल ही अशी.

बाईंनी समजावून सांगितलं. आपल्या हाडांच्या पोकळीत मगज असतो, तिथे रक्तातल्या लाल पेशी तयार होतात. त्या पिकायला बी-ट्वेल्व्ह नावाचं जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही की पेशी नुसत्या फुगतात, पिकत नाहीत. थोड्याच तयार होतात आणि लवकर मोडतात. आणि हेच जीवनसत्त्व नसांवरचं आवरण शाबूत ठेवतं. ते आवरण झिजलं की आधी पाय बधिर होतात, मग हात.

मी विचारलं, "म्हणजे महारोग नाही?"

"नाही. कुणी सांगितलं तुम्हाला महारोग?"

कुणीच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना आपोआप कळलं होतं.

मग बाईंनी चष्मा काढून विचारलं, "तुम्ही मासे-मटण खाता ना?"

"खाते की. सगळं खाते."

हे खोटं होतं. या खोट्याचा मला पाच वर्षांचा सराव होता, म्हणून ते चांगलं सफाईनं आलं. ते मी का बोलले, आणि त्यापायी आम्ही सगळे कुठवर जाऊन आलो, ते सांगायला ही वही उघडलीय. तुमच्या घरात कुणाचे पाय बधिर होत असतील, किंवा कुणी डॉक्टरांनी दिलेल्या तपासणीच्या चिठ्ठ्या घेऊन फिरत असेल, तर माझा मूर्खपणा तुमच्या कामी येईल.

मी भाईंदरजवळच्या मोरवा गावातल्या एका घरची धाकटी सून. घरची थोडी भातशेती आणि मिठागर. आमचे हे मुंबईत कारखान्यात, पाळीची नोकरी. घराचा कारभार सासूबाईंचा. मुलगा सुरेश तेव्हा साडेचार वर्षांचा. ही गोष्ट एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराची.

दिवाळीनंतर मिठागरं सुरू होतात. दुपारी मी आणि सासूबाई तिथल्या माणसांच्या भाकऱ्या घेऊन जायचो. बांधावरून अनवाणी. ज्यांनी मिठागर पाहिलं नाही त्यांना सांगते, पायाला केसाएवढी चीर असली तरी ते खारं पाणी जीव घेतं. लग्न होऊन आले तेव्हा मी पहिला आठवडा रात्री पाय धरून रडत असे.

त्या वर्षी सासूबाई एकदम थांबल्या. "गो सुमे, टाच बघ तुझी! रगत येतंय. झोंबत न्हाय तुला?"

मी वाकून पाहिलं. टाच उभी उलली होती. मीठ आत गेलेलं दिसत होतं.

"नाही," मी म्हटलं. आणि सांगायला लाज वाटते, मला अभिमान वाटला. वाटलं, झाले एकदाचे आपले पाय मोरव्याचे. आता मी खरी इथली सून.

पुढच्या पंधरा दिवसांत या खऱ्या सुनेच्या पायातली चप्पल दोनदा रस्त्यात गळून पडली आणि तिला घरी येईपर्यंत पत्ता नव्हता. जमिनीवर पाय ठेवला की कापसावर ठेवल्यासारखं वाटे. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाई. जीभ लालभडक, तिखट लागलं की आग. दोन पायऱ्या चढले की धाप.

तरी मी स्वस्थ होते. खरं सांगायचं तर पाय बधिर व्हायच्या खूप आधी मी बधिर झाले होते. माझा पहिला मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, पाळणा आणून ठेवला होता. तेव्हा मी रडले नाही. बायका म्हणत, हिला रडवा गं कुणीतरी. मी तांदूळ निवडत बसले होते. त्यानंतर कशाचं काही वाटणं बंदच झालं. सुरेश झाला तेव्हाही आनंदापेक्षा मी दिवस मोजत होते. बारावा उजाडला, मग श्वास सोडला.

पहिले डॉक्टर मोरव्याचे. घराच्या ओटीवरच दवाखाना. गावातल्या प्रत्येकाची नाडी त्यांच्या ओळखीची. गुलाबी मिक्स्चर, बाटलीला डोसांची कागदी पट्टी. त्यांचा रक्त तपासण्यावर अजिबात विश्वास नव्हता.

"सुईनं रक्त काढून मला काय नवीन सांगणार आहेत?" ते म्हणत. "चाळीस वर्षं डोळ्यांनी बघतोय."

त्यांनी माझी खालची पापणी ओढली, नखं दाबली. "रक्त कमी आहे. बाईच्या जातीला असतंच." लोहाचं टॉनिक दिलं. मी महिनाभर घेतलं. दात काळे झाले, बाकी सगळं तसंच.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी पायांचं सांगितलं. टाचणी घेऊन त्यांनी माझ्या पोटरीला, पावलाला टोचून पाहिलं. "टोचतंय?" "नाही." "आता?" "नाही." मग म्हणाले, "अंगावर कुठे पांढरट चट्टा आहे?"

नव्हता. पण पडद्याआड कंपाउंडर बाटल्या भरत होता आणि त्याचे हात थांबले, हे मला ऐकू आलं. बाटल्यांचा आवाज बंद झाला ना, त्यावरून.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. तिच्यावर तपासणी एकही नव्हती. फक्त 'त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावे' असं सुरेख अक्षरात लिहिलं होतं. माणूस वाईट नव्हता. पण रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन पाहायचा सोडून त्यांनी जी ओळ लिहिली, ती मी घरी पोहोचायच्या आधी गावात पोहोचली.

चार दिवसांनी सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलं.

पितळेचं ताट, एक वाटी, एक पेला. म्हणाल्या, "आजपासना तू पडवीन बसून जेव. माझ्यासमोर." सुरेशचं अंथरूण त्यांनी आपल्या खोलीत नेलं. तो रडला. मी रडले नाही. मी ताट घासून पालथं घातलं.

आमचे हे रात्री पाळीवरून आले. ताट बघितलं, आईकडे बघितलं. सकाळी निघताना मला म्हणाले, "स्टेशनपलीकडं नवीन डॉक्टर आलाय. एकदा दाखवून घेऊ." मग चप्पल घालताना खाली बघत, "तुझ्या माहेरी कळवलं नाहीये अजून."

या 'अजून'चा अर्थ मला कळला. माहेरी पाठवायचं, ते मला एकटीला. सुरेश इथेच राहणार. एवढी एकच गोष्ट मात्र माझ्यापर्यंत पोहोचली. पाय गेले तर गेले. पण ज्याचे मी बारा दिवस बोटांवर मोजले, तो पडवीच्या पलीकडून माझ्याकडे बघत राहणार आणि जवळ येणार नाही, हे मला नको होतं.

दुसरे डॉक्टर भाईंदर पूर्वेचे. गुजराती, तरुण, नवी डिग्री, भिंतीवर फ्रेम. त्यांचं सगळं उलट. त्यांच्याकडे छापील चिठ्ठी होती, लांबलचक, आणि ते पेशंटशी बोलता बोलता तिच्यावर खुणा करत जात. सर्दीवाल्यालाही चिठ्ठी, गुडघेवाल्यालाही चिठ्ठी. भाईंदरला तेव्हा लॅब नव्हती. बोरिवलीचे एक गृहस्थ मंगळवारी आणि शुक्रवारी येत, दवाखान्याच्या बाकावर बसून रक्त काढत आणि काचेच्या नळ्या रुमालात गुंडाळून घेऊन जात.

"बेन, सब चेक करा लेंगे," डॉक्टर म्हणाले. "फिर कोई टेन्शन नहीं."

माझ्या चिठ्ठीवर हिमोग्लोबिन होतं, म्हणजे रक्तातला लाल रंग किती ते. ईएसआर होतं, त्यावरून अंगात कुठे दाह आहे का ते कळतं. साखर होती, कारण मधुमेहातही पाय बधिर होतात. लघवी, शौच. आणि व्हीडीआरएल.

ते कशाचं, हे मी लॅबच्या गृहस्थांना विचारलं. ते कानापर्यंत लाल झाले. "ते... म्हणजे... नवरा-बायकोचं असतं. गुप्तरोगाचं. पण घाबरू नका, डॉक्टर सगळ्यांनाच लिहितात."

मी घरी येऊन ह्यांना तसंच्या तसं सांगितलं. त्या सबंध आजारपणात ह्यांच्या तोंडावर उडालेला रंग पाहून मला पहिल्यांदा हसू आलं. "मी? अगं, मी पाळीवरून सरळ घरी येतो!" "मग घाबरताय कशाला?" म्हटलं. बिचारे रिपोर्ट येईपर्यंत नीट जेवले नाहीत. रिपोर्ट चांगला आला. साखरही चांगली. फक्त हिमोग्लोबिन सहा. बाईला बारा तरी असावं.

डॉक्टरांनी लोहाच्या जोडीला फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. तेही रक्त वाढवणारं जीवनसत्त्वच. आणि खरोखर, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त काढलं तर सहाचं साडेनऊ झालेलं.

"वाह बेन! रिपोर्ट तो फर्स्ट क्लास है!"

"पण डॉक्टर, आता हातही बधिर झालेत. सुई धरता येत नाही. भिंत धरून चालते मी."

त्यांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. माझ्याकडे नाही, रिपोर्टकडे बघून म्हणाले, "खून तो अच्छा हो रहा है. ये सब कमजोरी का है. मन का भी होता है."

मी मान डोलावली. मला ते पटलंसुद्धा. कागदावर मी सुधारत होते, मग पायांचीच काहीतरी चूक असणार. घरी आले. पडवीची पायरी समजून पाय ठेवला, तिथे पायरी नव्हती. तोंडावर पडले. ओठ फुटला. तो मात्र दुखला.

आता मला माहीत आहे की काय झालं. बी-ट्वेल्व्ह कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त भरल्यासारखं दिसतं, पण नसांची झीज चालूच राहते, कधी जास्तच होते. एका डॉक्टरनं काहीच तपासलं नाही आणि दुसऱ्यानं सगळं तपासलं, आणि मी दोघांच्या मधल्या फटीतून खाली जात होते. कारण तपासण्यांच्या आधीचा प्रश्न दोघांनीही विचारला नव्हता.

दोघांचीच चूक, असंही म्हणू नये. तो प्रश्न विचारला असता तरी मी खोटंच बोलले असते.

ते असं. सुरेशच्या वेळी सहावा महिना होता तेव्हा मी गावदेवीसमोर मनातल्या मनात बोलले, हे पोर जगू दे. ते शाळेत जाईपर्यंत मी मासळी, मटण, अंडं तोंडात घालणार नाही. आणि दोन पावलं चालून परत आले. वाटलं, एवढ्यात देवी ऐकेल का? पहिल्याला तिनं नेलं, ती काय सुक्या बोंबलांवर भुलणार आहे? म्हणून म्हटलं, दूधदुभतंही नाही. भाजीवालीशी घासाघीस करतात तशी मी देवीशी केली, फक्त उलटी. माझी किंमत मीच वाढवून दिली.

नवस बोलून दाखवला की फळत नाही, अशी आमच्याकडे समजूत. त्यामुळे कुणाला सांगायचं नाही. ते फार सोपं होतं. आमच्या घरात बायका शेवटी जेवत आणि सून सगळ्यात शेवटी. सुनेनं काय खाल्लं हे कोण बघतं? मी घरभर निवटे, बोंबील, कोळंबी रांधायची. माझ्या वाटणीची तुकडी ताटाच्या कडेला ठेवायची. मग ती मनीला, म्हणजे आमच्या मांजरीला. काटे परत माझ्या ताटात आणून ठेवायचे. चहा कोरा. पाच वर्षं मी भात, डाळीचं पाणी आणि भाजी यांवर होते आणि मनी माझ्या वाटणीचं खाऊन गुबगुबीत झाली होती. तिचं हिमोग्लोबिन कुणी काढलं असतं तर भाईंदरात पहिलं आलं असतं.

आणि मीठ झोंबेनासं झालं तेव्हाही या दोन गोष्टींचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही. नवस आत्म्याशी, पाय शरीराशी. दोन वेगळी खाती वाटायची.

मे महिन्यात ह्यांनी रजा काढली आणि मला मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. सासूबाई म्हणाल्या, मी पण येते. मला वाटलं, महारोग नक्की झाला का ते स्वतःच्या कानांनी ऐकायला येतायत.

सकाळी सातला रांग. पत्र्याचा बिल्ला, त्यावर नंबर. लाकडी बाकावर आम्ही तिघं, मी मध्ये. माझ्या आणि सासूबाईंच्या मध्ये पिशवी. दुपारी नंबर लागला.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, आखूड केस, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी दोन्ही जुन्या चिठ्ठ्या मागितल्या. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवर एक ओळ, दुसरीवर टिकमार्कांची रांग. "गंमत आहे," म्हणाल्या, आणि दोन्ही बाजूला सारल्या. जीभ बघितली. मग लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी टेबलावर आपटून माझ्या घोट्यावर टेकवलं. "काय वाटतंय?"

"गार."

"थरथर जाणवते?"

मला वाटलं, त्यांचं यंत्र बिघडलंय. म्हटलंही, "बंद पडलंय वाटतं." त्यांनी तेच माझ्या हनुवटीवर टेकवलं आणि माझे दात कडकडले. यंत्र चांगलं होतं.

मग उभं करून डोळे मिटायला सांगितलं. मी सरळ त्यांच्या अंगावर कोसळले.

त्यांनी चिठ्ठी लिहिली. एकच तपासणी. पेरिफेरल स्मिअर. बोटातला रक्ताचा थेंब काचेवर पसरतात, रंग लावतात आणि दुर्बिणीखाली बघतात. बाई म्हणाल्या, "यात मी पेशींचा आकार बघणार आहे. मोठ्या निघाल्या तर आजार एक, नाहीत तर दुसरीकडे शोधू." कुठल्याही डॉक्टरनं तपासणी कशासाठी हे मला सांगण्याची ती पहिली वेळ.

तीन दिवसांनी आम्ही तिघं पुन्हा गेलो, तेव्हा पेशी मोठ्या निघाल्या होत्या. पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे. बाईंनी विचारलं, मासे-मटण खाता ना, आणि मी म्हटलं, सगळं खाते.

बाई बुचकळ्यात पडल्या. "मग हे कुठून आलं? पोटात शोषलं जात नसेल. तसं असेल तर दाखल करून नळी घालून पोटातलं पाणी तपासावं लागेल, हाडातला मगज काढावा लागेल. महिना तरी जाईल."

मी म्हटलं, "चालेल."

खरोखर असं म्हटलं. हाडाला सुई टोचून घ्यायला तयार, पण तोंड उघडायला नाही. महिनाभर सुरेशपासून लांब राहीन, पण त्याचा नवस मोडणार नाही. त्याला सहा पुरी होऊन शाळेत जायला अजून दीड वर्ष होतं. तेवढं कसंही काढायचं, हे ठरलेलं होतं.

तेव्हा मागून आवाज आला. "डाक्टरीनबाय, ती खोटा बोलते."

सासूबाई दारात उभ्या होत्या. पिशवी पोटाशी धरलेली.

"ती काय खात न्हाय. मासली न्हाय, दूध न्हाय. पोर पोटात होता तेव्हापासना. मना म्हाईत हाय."

मी वळून पाहिलं. "तुम्हाला कसं..."

"गो, आंधली समजतेस मना? मांजर यवढी माजली कशी? काटे ताटान, ना तुझ्या बोटांना मासलीचा वास न्हाय! पयला वाटला, माहेरचा नखरा आसल. मग तुला ताट घालून समोर बसवली, निवांत बघितली. चार म्हयने बघते. नवस हाय तो कलला मना."

म्हणजे ते वेगळं ताट. "महारोगाच्या भीतीनं नव्हतं ते?" मी विचारलं.

सासूबाईंनी खोटं सांगितलं नाही. "भ्याली होते की. पोराला म्हनून तर माझ्यापाशी निजवला. दोनी होता."

डॉक्टरीणबाई आता चिडल्या. "आजी, माहीत होतं तर इतके दिवस बोलला का नाहीत?"

"नवस तिचा हाय. मी कशी बोलू?" सासूबाईंचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "मी बोलले ना पोराला काय झाला तर? एक गेला ना आमचा. तो काय हिचा एकलीचा व्हता?"

ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटायचं, त्या अकरा दिवसांच्या मुलाची आठवण घरात फक्त मलाच आहे. पाच वर्षं आम्ही दोघी एकाच पोरासाठी, एकाच स्वयंपाकघरात, एकमेकींपासून तोंड लपवून गप्प होतो.

मी तेव्हाही रडले नाही. पण सासूबाई बाकावर येऊन बसल्या आणि पिशवी पुन्हा मध्ये ठेवली, ती मी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

इंजेक्शन आणलं तेव्हा ते लाल होतं, कोकमाच्या सरबतासारखं. मी हात मागे घेतला. "हे कशापासून करतात?"

"जंतूंपासून," बाई म्हणाल्या.

"जंतू म्हणजे मांस का?"

बाईंनी सुई खाली ठेवली आणि खुर्चीत मागे रेलून हसल्या. मग गंभीरपणे म्हणाल्या, "जंतू दह्यातही असतात आणि इडलीच्या पिठातही. तुमच्या देवीची हरकत नसावी." सासूबाईंनी माझा दंड धरून पुढे केला. "टोच बाय. हिचा आयकू नको."

आठवडाभर रोज एक, मग आठवड्याला, मग महिन्याला. पाचव्या दिवशी जिभेची आग थांबली. रक्त दोन महिन्यांत भरलं. नसांना वेळ लागतो, त्या हळू येतात, हे लक्षात ठेवा आणि घाई करू नका. आधी मुंग्या येतात. त्या मुंग्या आल्या तेव्हा मी घाबरले होते. बाई म्हणाल्या, येऊ द्या, घरी परत येताना माणसं आवाज करतातच.

बाईंनी बजावलं होतं की इंजेक्शनबरोबर खाणंही सुधारायला हवं. आणि नवस तर सुरेश शाळेत जाईपर्यंत होता. यावर मला काही सुचत नव्हतं. सासूबाईंना सुचलं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी त्यांनी सुरेशला न्हाऊ घातलं, टोपी घातली आणि गावच्या शाळेत मास्तरांसमोर नेऊन उभं केलं. मीही भिंतीला धरून मागे गेले.

मास्तर म्हणाले, "आजी, हा लहान आहे. पाचसुद्धा नाही वाटत."

"सा पुरी हायत. आंग धरत न्हाय, आयशीवर गेलाय."

"जन्मतारीख?"

"त्या भात लावनीच्या आंदी. तुमीच काय ती घाला."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. भिंत धरून उभी असलेली बाई. मग दौतीत टाक बुडवून, ज्या पोराची तारीख ठाऊक नसते त्याला जी जूनची ठरलेली तारीख घालत तीच घातली. सुरेश पहिलीत बसला. रडत.

त्या दुपारी सासूबाईंनी बोंबील तळले. माझं ताट मांडलं ते आत, त्यांच्या ताटाला लागून. मनी सवयीनं माझ्या गुडघ्याशी येऊन बसली. सासूबाईंनी तिला पळीनं हाकललं. "चल, तुझा नवस फिटला."

पहिला घास घेतला आणि मला रडू आलं. ते थांबेना. त्या पहिल्या पोराचं, या पोराचं, ताटाचं, सगळं एकदम. सासूबाई म्हणाल्या, "तिखट झाला काय गो?" आणि पदरानं स्वतःचेच डोळे पुसले.

आता मी भाईंदरलाच, जेसल पार्कात राहते, सुरेशच्या फ्लॅटमध्ये. महिन्याला ते लाल इंजेक्शन अजून घेते. मध्ये एकदा जरा थकवा होता तेव्हा मी खोडी काढली. आमच्या रस्त्यावर तीन फॅमिली डॉक्टर आहेत. तिघांकडे गेले, तीच तक्रार, तेच शब्द. एकानं काही लिहिलं नाही, एकानं दोन तपासण्या लिहिल्या, एकानं अठरा. तिघांनाही मी विचारलं, "डॉक्टर, यातून तुम्ही काय शोधताय?" एक रागावला, एक हसला. दोन तपासण्यावाल्या मुलीनं मात्र पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आजी, आधी सांगा, तुम्ही जेवता काय?" आता ती माझी डॉक्टर आहे.

तुम्हालाही एवढंच सांगेन. चिठ्ठी लांब की आखूड यावरून डॉक्टर तोलू नका. ती कशासाठी ते विचारा. आणि त्यांनी विचारलं तर खरं सांगा, देवापाशी बोललेलंसुद्धा. घरातल्या सुनेच्या ताटात काय आहे, तेही एकदा बघा. आणि पाय बधिर झालेला माणूस दिसला तर त्याचं ताट वेगळं करू नका. महारोगही आता गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. आमची भीती तेवढी जुनाट.

माझ्या डाव्या पायाची करंगळी कायमची बधिर राहिली. बाकी सगळं परत आलं.

सुरेश परवा निवृत्त झाला. कागदोपत्री. खऱ्या वयानं त्याची दीड वर्षाची नोकरी शिल्लक होती. ऑफिसातून हार घालून घरी आला आणि सोफ्यावर बसून कुरकुरला, "आई, तुझ्या आणि आजीच्या भानगडीत माझं दीड वर्ष गेलं."

मी म्हटलं, "गेलं नाही रे. तू ते मला दिलंस. बोंबील तळलेत, ऊठ."